लोणच्याच्या बरणीतली स्तोत्रं

दोन आठवड्यांपूर्वी पार्लरचं शटर वर केलं आणि समोर बघते तर काय, हातगाडीवर द्राक्षं! हिरव्या घडांचा डोंगर, वर ओलं फडकं, आणि गाडीवाला ओरडतोय, "गोड नाय निघाली तर परत आणा!" मी हातातलं कुलूप तसंच धरून रस्ता ओलांडला, एक मणी तोंडात टाकला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आला बाई लेंट!" गाडीवाला बघतच राहिला. त्या बिचाऱ्याला काय माहीत, की शरणपूर रोडच्या आम्हा ख्रिस्ती मंडळींचं कॅलेंडर द्राक्षांवर चालतं! ईस्टरच्या आधीचे ते उपासाचे आठवडे, ज्यांना आम्ही लेंट म्हणतो, ते नाशिकला नेमके द्राक्षांच्या हंगामात येतात. त्या दिवसांत कोणी मटण सोडतं, कोणी चहा सोडतं, आमच्या मार्थामावशी टीव्हीवरच्या मालिका सोडतात आणि पहिल्याच आठवड्यात कासावीस होतात. पण द्राक्षं सोडलेला माणूस मी आजवर पाहिलेला नाही.

दुकानात परत येऊन आधी नवऱ्याला फोन लावला. म्हटलं, "सुधीर, माळ्यावरची बरणी काढ."

"कुठली बरणी?"

"कुठली काय? स्तोत्रांची!"

"अगं, अजून दहा दिवस आहेत की."

"असू देत. काढून पुसून ठेव. मला धीर नाही."

खरंच नसतो. माझा स्वभावच तसा उतावळा. सासूबाई होत्या तेव्हा म्हणायच्या, "रत्नाला दूध उतू जायच्या आधीच चहा पाहिजे." ही बरणीही त्यांचीच, चिनीमातीची, पिवळी-पांढरी, कैरीच्या लोणच्याची. कितीही धुतली तरी तिच्या पोटातून मोहरीचा आणि हिंगाचा वास येतोच येतो. आणि त्या वासात गेली काही वर्षं राहतात आमची दीडशे स्तोत्रं.

हे कसं झालं, ते सांगते. आमच्या मंडळीत एक नवे पाळकसाहेब आले होते, अगदी तरुण, मिशी नीट फुटायची होती. पवित्र शास्त्रात स्तोत्रांचा जो ग्रंथ आहे, त्यातलं एकेक स्तोत्र आम्ही दर रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, वाचतो. पण वाचतो म्हणजे काय, मेंढपाळाचं ते गोड स्तोत्र आणि त्याची आणखी दहाबारा भावंडं, हीच आलटून पालटून. बाकीची सव्वाशेच्या वर अंधारात. पाळकसाहेबांनी काढलं फर्मान, की ह्या लेंटमध्ये संध्याकाळी घरोघर बसायचं आणि अंधारातलीही बाहेर काढायची. दीडशे चिठ्ठ्या, एका चिठ्ठीवर एका स्तोत्राचा आकडा. ज्याला वाटेल त्यानं हात घालायचा. जे निघेल ते वाचायचं, बदलून मिळणार नाही, मधली एकही ओळ गाळायची नाही. आणि वाचून झालं की देवाला आपल्या मनातलं एखादं वाक्य बोलायचं, आपल्या भाषेत, छापील नको. चिठ्ठ्या ठेवायला भांडं कुठून आणायचं म्हणून मी आमची बरणी दिली.

"मनातलं" म्हटल्यावर सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. कारण आमची प्रार्थनेची भाषा म्हणजे इस्त्रीचे कपडे. "हे प्रेमळ स्वर्गीय पित्या, ह्या सुंदर सायंकाळी आम्ही तुझे आभार मानितो" असं सुरू झालं, की नळाला दोन दिवस पाणी नसलेला माणूसही आभार मानूनच मोकळा होतो. घरी येऊन मग बायकोवर ओरडतो. मला हे फार दिवस कळत होतं, कारण मी पार्लरवाली. माझ्या खुर्चीत बाई बसली, मी आयब्रोचा दोरा धरला, तिनं डोळे मिटले, की तिच्या पोटातलं सगळं बाहेर येतं. सासू, नवरा, गर्भाशयातली गाठ, बारावीला बसलेला मुलगा. दोरा ओढला की तसंही डोळ्यांत पाणी येतं. त्यामुळे रडलं तरी कोणी विचारत नाही. कितीतरी बायका माझ्याकडे भुवया कोरायला येतात की रडायला येतात, हे मला अजून नक्की सांगता येणार नाही. मला वाटायचं, ह्या सगळ्याजणी हे देवाला का नाही सांगत? आणि मी तरी कुठे सांगत होते?

आमच्या घरात त्या वर्षी कोणीच काही सांगत नव्हतं. माझा धाकटा दीर दीपक करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेला होता. तबला वाजवायचा तो. ताटावर, टेबलावर, माझ्या पाठीवरसुद्धा, बोटं म्हणून एका जागी नाहीत! दवाखान्यातून तो परस्पर कब्रस्तानात गेला. चार अनोळखी माणसांनी पांढरे पोशाख घालून त्याला खाली सोडला. आम्ही गेटाच्या बाहेर. ना पाळक, ना गाणं.

आणि बाबा, माझे सासरे, म्हणजे कोण? शाळेत मराठी शिकवलेले मास्तर, आणि मातीच्या गाण्यांचे पुढारी. आमच्यात कोणाचीही माती असो, कब्रस्तानात बाबा पहिला सूर लावणार, मग सगळी मंडळी उचलणार. पन्नास वर्षं त्यांनी माणसांना गाऊन पोचवलं. स्वतःच्या मुलाच्या वेळी मात्र गेटाचे गज धरून उभे होते, तोंडाला मास्क. त्या दिवसापासून त्यांनी देवाशी बोलणं टाकलं. देवळात येत. पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं, ठरलेल्या बाकावर बसत. पण ओठ म्हणून हलत नसत. जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा सुधीर करायचा आणि बाबा ताटाकडे बघत राहायचे. एकदा मी चहा देताना म्हटलं, "बाबा, थोडी प्रार्थना केली तर हलकं वाटेल." ते शांतपणे म्हणाले, "कोणाला करू?" मला घाबरायला झालं. माणूस रागावला तर समजूत काढता येते. हे रागावलेही नव्हते. दार बंद करून आतून कडी लावली होती. ती कडी निघणार की नाही, एवढंच त्या वर्षी मला हवं होतं. बाकी काही नको.

तर पहिली सभा मार्थामावशींकडे. मावशी म्हणजे निवृत्त नर्स, पांढरी पातळ वेणी, आवाज इतका नाजूक की सुई टोचतानासुद्धा पेशंट झोपायचे म्हणे. बाबा आमच्याबरोबर आले होते, पण ते मागे दाराजवळच्या खुर्चीत. मावशींनी बरणीत हात घातला आणि काढलं अठ्ठावन्नावं. चष्मा लावून वाचायला लागल्या त्या गोड आवाजात. आणि त्यात काय निघालं? दुष्टांचे दात पाड देवा, त्यांच्या दाढा उपटून काढ, गोगलगाय विरघळते तसे ते विरघळून जाऊ देत! मावशी थांबल्या. चष्म्यावरून पाळकसाहेबांकडे बघितलं. "हे आपल्या शास्त्रात आहे?"

"आहे मावशी. पुढे वाचा. गाळायचं नाही."

मावशींनी वाचलं. पुढचं तर पायांना रक्त लागेपर्यंत गेलं. संपल्यावर आता देवाला एक वाक्य बोलायचं. मावशी पदराशी खेळत बसल्या. मग एकदम म्हणाल्या, "देवा, त्या वरच्या मजल्यावरच्या माणसाचे दात पाड. मी एकटी आहे हे बघून तो माझा पाण्याचा कॉक बंद करतो. सगळे नको. पुढचे दोन पाड."

काय हसलो आम्ही! पाळकसाहेब तोंडाला रुमाल लावून बसले. मावशी आधी लाजल्या, मग हसल्या, आणि मग हसता हसता रडायलाच लागल्या. एकटीनं राहण्याची किती वर्षांची भीती होती ती, दातांच्या निमित्तानं बाहेर पडली. मी त्यांना जवळ घेतलं आणि सहज मागे पाहिलं. बाबांच्या ओठांचा एक कोपरा वर गेला होता. मी सुधीरला इतक्या जोरात कोपर मारलं की त्याच्या हातातला चहा सांडला.

मग सगळे उभे राहिले आणि आम्ही 'गौरव' गायला. हेही सांगायला पाहिजे. आमच्यात पिढ्यानपिढ्यांची रीत आहे. स्तोत्र कुठलंही असो, शेवटची ओळ संपली की मंडळी उभी राहते आणि पित्याचा, पुत्राचा, पवित्र आत्म्याचा गौरव गाते. चारच ओळी. पण लहानपणापासून इतकी सवय, की स्तोत्र संपलं की पाय आपोआप सरळ होतात, डोक्याला कळायच्या आधी. दात पाडून झाले तरी गौरव. बाबा मागे उभे राहिले, तोंड मिटूनच.

त्या महिन्यात मला दुपारपासून वेध लागायचे. शेवटच्या बाईचं फेशियल घाईनं उरकायचे, "अहो, चेहरा गोराच आहे तुमचा, किती घासू?" म्हणायचे आणि पळायचे. आज कोणाच्या हातात काय येणार? रिक्षावाल्या सामुवेलदादाला मत्सराचं स्तोत्र आलं आणि त्यानं कबूल केलं, की भावाची नवी गाडी बघून त्याला झोप लागत नाही. कॉलेजातल्या एका पोरीला अंथरूण आसवांनी भिजवणारं आलं. ती फक्त "हो, असंच" म्हणाली. घरी येताना रस्त्यावर पिंपळगावकडून आलेले टेम्पो उभे असायचे, क्रेटांतून पिकल्या द्राक्षांचा आंबूसगोड वास यायचा आणि मला उगाच वाटायचं, की सगळं गाव आतून पिकलंय. इतकी वर्षं एका बाकावर बसणारी ही माणसं, मी त्यांना ओळखतच नव्हते की! आणि हे सगळं आधीच लिहून ठेवलेलं होतं, हजारो वर्षांपूर्वी. मत्सर, भीती, सूड, कंटाळा, पश्चात्ताप, "कुठवर रे देवा?" म्हणून किंचाळणं, सगळं. देवानं स्वतःच्याच पुस्तकात स्वतःविरुद्धच्या तक्रारी छापून ठेवल्या आहेत, अशी संस्था दुसरी कुठे सापडेल का सांगा.

माझा हात बरणीत गेला तो सामुवेलदादाकडे. निघालं शेवटचं, दीडशेवं. कर्णे, सारंगी, डफ, झांजा, नाच, श्वास असणाऱ्या प्रत्येकानं गावं! मला तर चिठ्ठी परत आत टाकावीशी वाटली. कारण खरं सांगू? मला त्या दिवसांत आनंद होत होता. पार्लर चालायला लागलं होतं, मुलगी पहिल्यांदा शाळेच्या संघात खेळली होती, आणि मला अंघोळीला गेलं की गावंसं वाटायचं. पण घरात दीपकचा तबला कापडाखाली झाकलेला, बाबा समोर, मी हसू गिळत होते. आनंदाचीसुद्धा चोरी असते हो. दुःख लपवतात तसं माणूस सुखही लपवतो. मी खाली मान घालून पुटपुटत वाचायला लागले, एक ओळ, दोन ओळी.

"मोठ्यानं वाच."

सगळ्यांनी वळून पाहिलं. बाबा!

"मोठ्यानं वाच, रत्ना. झांजा आहेत त्यात. ही काय अंगाई आहे?"

अख्ख्या वर्गाला वाचायला लावणारा तो आवाज दोन वर्षांनी ऐकत होते मी. मग काय विचारता! वाचलं की. ओरडूनच वाचलं. समोरचं स्टीलचं ताट उचललं आणि प्रत्येक वाद्याला एकेक थाप दिली. शेजारच्या इमारतीतली कुत्री भुंकायला लागली. आणि माझं वाक्य बोलायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "देवा, मी आनंदात आहे, मला माफ कर." पाळकसाहेब हळूच म्हणाले, "माफ कशाला? नुसतं सांगा." मी पुन्हा म्हटलं, "देवा, मी आनंदात आहे." बाबा मान हलवत होते, शाळेत एखाद्यानं बरोबर उत्तर दिलं की हलवायचे तशी.

आणि मग आली आमच्या घरची सभा.

त्या दिवशी समोरच्या फ्लॅटमधल्या कमलताईंनी द्राक्षं दिली होती. त्यांच्या भावाची पिंपळगावला बाग आहे. "लय गोडी उतरलीय औंदा, सगळ्यांना वाटा," म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्हीपण या. त्या आल्या, डोक्यावर पदर घेऊन सोफ्याच्या टोकाला बसल्या. बाबा दुपारपासून स्वयंपाकघरात द्राक्षं धूत होते. फवारण्यांमुळे आमच्याकडे द्राक्षं मिठाच्या पाण्यात ठेवतात ना, तशी घमेल्यात ठेवून, एकेक मणी देठापासून सोडवून. ते काम त्यांनी स्वतःच मागून घेतलं होतं. हॉलमध्ये गाणं झालं. पाळकसाहेबांनी विचारलं, "आज कोण?" कोणीच पुढे येईना. तेवढ्यात बाबा द्राक्षांचं ताट घेऊन बाहेर आले. ताट टीपॉयवर ठेवलं, आणि खांद्यावरच्या पंच्याला हात न पुसताच बरणीत घातला.

ओल्या बोटांत ओली चिठ्ठी, आकड्याची शाई पसरत चाललेली. "अठ्ठ्याऐंशी."

पाळकसाहेबांचा चेहराच उतरला. "बाबा, तुम्ही दुसरी काढली तरी चालेल."

"नियम कोणी केला?"

"मीच."

"मग?"

बाबांनी पुस्तक उघडलं. मला ते स्तोत्र तेव्हा माहीत नव्हतं. आता पाठ आहे. बाकीची दुःखी स्तोत्रं खड्ड्यात सुरू होतात, पण शेवटपर्यंत कसंबसं वर चढतात, कुठेतरी एक "तरीही" येतो. ह्याच्यात तो येत नाही. माणूस रात्रंदिवस हाक मारतोय, देव तोंड लपवतोय, जिवाभावाचे सगळे दूर नेलेत, आणि सोबतीला शेवटी अंधार तेवढा उरतो. तिथेच संपतं. बाबांनी ते कसं वाचलं काय सांगू! आवाज चढवला नाही, कापला नाही. प्रत्येक शब्द स्वच्छ, वर्गात वाचायचे तसा. शेवटचा शब्द संपला.

आणि आमचे पाय सरळ झाले! सवयच ती. अख्खा हॉल उभा, सुधीरनं पेटीवर पहिला सूर दाबलासुद्धा.

"बसा."

कोणाला काही कळेना. मार्थामावशी अर्ध्या उभ्या, अर्ध्या बसलेल्या.

"बसा म्हणतो ना! सुधीर, भाता बंद कर."

पेटीतून हवा निघून गेल्याचा आवाज झाला आणि सगळे खाली बसले, पाळकसाहेबसुद्धा. बाबा एकटे उभे.

"गौरव मागाहून. माझं बोलणं अजून व्हायचंय." मग त्यांनी वर वगैरे पाहिलं नाही. समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून बोलले. "सगळ्या शरणपूरला मी गाऊन पोचवलं. कोणाच्या मातीला नाही म्हटलं नाही, तापातसुद्धा गेलो. आणि माझ्या पोराच्या वेळेला तू गेट लावून घेतलंस. एक कडवं नाही मिळालं त्याला. का? मी विचारतोय. दोन वर्षं विचारलं नाही, कारण मला वाटलं, ऐकायला कोणी नाही. पण हे ज्यानं लिहिलं त्यालाही तसंच वाटलं होतं, तरी त्यानं विचारलं. म्हणून मी विचारतो. उत्तर दे. उत्तर येईपर्यंत गौरवाला मी उभा राहणार नाही." आणि ते बसले.

पाळकसाहेबांनी तोंड उघडलं आणि देवाची कृपा, पुन्हा मिटलं. कोणी समजूत घातली नाही, कोणी "त्याची इच्छा" म्हटलं नाही. कुठून तरी मार्थामावशींचा आवाज आला, अगदी खणखणीत, "आमेन!" मी रडत होते, पण रडता रडता मला नाचावंसं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. कडी निघाली होती! दार उघडून माणूस भांडायला का होईना, पण बाहेर आला होता. त्या संध्याकाळी गौरव झालाच नाही. आम्ही नुसती द्राक्षं खाल्ली.

जाताना कमलताई दारात थांबल्या. "बाबा, देवाला असं बोललं तर त्याला राग नाय येत का?"

"येऊ दे की," बाबा म्हणाले. "निदान बोलेल तरी."

"आमच्या गावाकडं पाऊस नाय आला तर देव पाण्यात ठेवतात," त्या म्हणाल्या. "म्हंजे तुमचं बी तसंच." बाबांना हे फार पटलं.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या बाल्कनीत भांडण सुरू झालं. रोज सकाळी बाबा चहाचा कप घेऊन तिथे बसणार, एक खुर्ची समोर ओढणार आणि सुरू. "काल काय वाचलं मी? तू अनाथांचा बाप म्हणे. मग दीपकच्या बापाचं काय?" खालच्या मजल्यावरच्या काकू घाबरून वर आल्या, "रत्ना, सासरे कोणावर ओरडतात गं?" म्हटलं, "देवावर." "मग असू दे," म्हणाल्या, "मला वाटलं तुझ्यावर." मला तर कोण आनंद! मी पोळ्या लाटता लाटता ऐकायचे. कधी शब्द कडू, कधी नुसता हुंदका, कधी चक्क शांत. एकदा तर हसले. कशावर हसले, देव जाणे.

ईस्टरच्या पहाटे आम्ही सगळे कब्रस्तानात जातो. थडग्यांना चुना लावलेला, झेंडू, निशिगंध, मेणबत्त्यांच्या ओळी, थंडीत शाली गुंडाळलेली माणसं. उजाडताना मंडळींनी पुनरुत्थानाचं गाणं म्हटलं, मग गौरव. बाबा दीपकच्या थडग्याच्या कठड्यावर बसून राहिले. पाळकसाहेबांनी जवळ जाऊन विचारलं, "आलं उत्तर?" बाबांनी मान हलवली, नाही. लोक पांगायला लागले तेव्हा त्यांनी मला आणि सुधीरला थांबवलं. म्हणाले, "मातीचं गाणं म्हणू या. राहिलंय त्याचं." आणि दोन वर्षं उशिरा, गवत उगवलेल्या मातीपाशी, त्यांनी सूर लावला. आवाज चिरकला, तरी त्यांनी सगळी कडवी म्हटली. मेणबत्त्या उन्हात दिसेनाशा झाल्या तरी आम्ही तिथेच होतो.

तरी गौरवाला मात्र ते उभे राहिले नाहीत. त्या रविवारी नाही, पुढच्या वर्षी नाही, त्याच्या पुढच्याही नाही. सगळी मंडळी उभी आणि एक पांढरा शर्ट बसलेला, ह्याची देवळाला सवय झाली. नवीन आलेल्या लोकांना वाटायचं, म्हाताऱ्यांचे गुडघे गेलेत. पाळकसाहेबांची मिशी तोवर दाट झाली. बरणी दर लेंटला निघत राहिली, आणि अठ्ठ्याऐंशी आलं की आम्ही बसून राहायला शिकलो. तेवढ्या एका स्तोत्रानंतर गौरव म्हणायचा नाही, ही आमच्या मंडळीची नवी रीतच होऊन बसली.

आणि काल! कालचंच सांगायचं म्हणून तर एवढी घाई. यंदाची पहिली सभा आमच्याकडे. बरणी टीपॉयवर, शेजारी द्राक्षांचं ताट, कमलताई आता सोफ्याच्या मध्यभागी बसतात. बाबांना कमी ऐकू येतं, काठी लागते. त्यांनी बरणीत हात घातला आणि ढवळायला लागले. ढवळताहेत, ढवळताहेत.

"बाबा, एकच काढायची," सुधीर त्यांच्या कानाशी म्हणाला.

"माहीत आहे. शोधतोय."

काढली ती शाई पसरलेली चिठ्ठी. मी आणि सुधीरनं एकमेकांकडे पाहिलं. बाबांनी वाचलं, पुस्तकात न बघता. आवाज थकलेला, शब्द तसेच स्वच्छ. शेवटचा अंधार आला आणि आम्ही सगळे शहाण्यासारखे बसून राहिलो. सुधीरचे हात पेटीवर नाहीत, मांडीवर. पाळकसाहेबांची मान खाली. मार्थामावशींनी डोळे मिटलेले.

बाबांनी चष्म्यावरून सगळ्यांकडे पाहिलं. "काय झालं? बसलात काय?"

मीच म्हटलं, मोठ्यानं, त्यांना ऐकू जावं म्हणून, "बाबा, उत्तर आलं?"

"नाही आलं," ते म्हणाले. काठी टेकून उठायला लागले, सुधीर धावला, त्यांनी त्याला हातानं थांबवलं. "पण इतकी वर्षं रोज सकाळी माझी बोलणी खातोय बाल्कनीत. एकदा तरी उठून गेला का?"

ते उभे राहिले, वरचं बटण चाचपलं आणि वर्गावर ओरडायचे तसे ओरडले, "उभे राहा की! सुधीर, काळी दोन दे."

सुधीरला सूर सापडेना, त्याला दिसतच नव्हतं. बाबा थांबलेच नाहीत. त्यांनी स्वतःच सुरुवात केली, नको तेवढ्या वरच्या पट्टीत. मी द्राक्षं टीपॉयवर ओतली, रिकामं ताट उचललं आणि दीपक वाजवायचा तसा ठेका धरला. मणी घरंगळत सगळ्यांच्या पायांत गेले. ती पट्टी आमच्यापैकी एकालाही झेपत नव्हती, पण कोणीही ती खाली उतरवली नाही.